घरची उपासना: नव्याने सुरू करणाऱ्या आईवडिलांसाठी

लग्नात पाळकसाहेबांनी आम्हाला एक मोठं बायबल दिलं होतं. पहिल्या पानावर आमची दोघांची नावं, तारीख, आणि खाली मुलांच्या जन्माच्या नि बाप्तिस्म्याच्या नोंदींसाठी रिकाम्या ओळी. ते सात वर्षं शोकेसमध्ये राहिलं. मोठी पहिलीत गेली त्या वर्षी तिनं काचेवर बोट ठेवून विचारलं, "हे पुस्तक पाहुण्यांसाठी आहे का?" शेजारी पाहुण्यांचे कप ठेवले होते, तेव्हा तिचा हिशोब काही चुकीचा नव्हता.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. रविवारी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्येही शिकवते, ज्याला आमच्या नगरकडची जुनी माणसं अजून शब्बाथ शाळा म्हणतात. म्हणजे आठवड्याचे सातही दिवस मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होते आणि घरच्या मुलीला वाटत होतं की बायबल ही शोभेची वस्तू आहे. त्यानंतर आम्ही घरात उपासना सुरू केली. सुरू केली, मोडली, परत सुरू केली. आता मोठी चौदा वर्षांची आणि धाकटा नऊ वर्षांचा आहे. या काळात जे जमलं आणि जे फसलं, ते इथे सांगते. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढले, त्यामुळे माझी भाषा आणि सवयी तिकडच्या. कॅथलिक घरांत रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, रूपानं एक बांधीव साचा आधीपासून असतो. गोव्यात संध्याकाळी तेर्स म्हणजे हीच रोझरी झाल्यावर मुलं थोरांकडून बेसांव म्हणजे आशीर्वाद घेतात, आणि मला त्या पद्धतीचा नेहमी हेवा वाटत आला आहे. आपल्याला मात्र साचा स्वतः करावा लागतो.

संडे स्कूल आहे की, मग घरी कशाला?

हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी पालक विचारतातच. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूलचं काम हाती घेतलं, ते आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेल्या मुलांना निदान रविवारी वाचता-लिहिता यावं म्हणून. घरचं शिकवणं आयतं उरकून देणारी सोय म्हणून ती शाळा निघाली नव्हती. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याचे चार प्रसंग सांगितले आहेत: घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना. चारांपैकी एकही प्रसंग मंदिरातला नाही.

साधा हिशोब करू. आमचा संडे स्कूलचा वर्ग ४५ मिनिटांचा. सुट्ट्या, परीक्षा, पाऊस वगळून वर्षाला ४५ रविवार धरले तर झाले साधारण ३४ तास. घरी आठवड्यातून फक्त ४ दिवस, १० मिनिटं बसलात तरी ५० आठवड्यांत ३३ तास होतात. म्हणजे एक आख्खं दुसरं संडे स्कूल, आणि तेही दोन-तीन मुलांच्या वर्गाचं.

आधी दोघांनी बोलून घ्या

एकानं ठरवायचं आणि दुसऱ्यानं नुसतं येऊन बसायचं, असं चालत नाही. आमच्याकडे पहिले तीन महिने मीच वाचायचे, मीच समजवायचे आणि हे बातम्यांचा आवाज बंद करून मान डोलवायचे. मुलगी बारकाईनं बघत होती. एक दिवस म्हणाली, "पप्पांचं झालंय ना बायबल शिकून?" त्या दिवसापासून प्रार्थना ह्यांच्याकडे गेली. कोण वाचणार, कोण प्रार्थना करणार, मुलांना गप्प कोण करणार, हे आधी ठरवा. तिसरं काम सगळ्यांत अवघड आहे आणि ते आलटून पालटून करावं.

घरात एकच जण विश्वासात असेल, तर मुलांसमोर जोडीदाराला बसण्याचा आग्रह करू नका. स्वयंपाकघरात काम करता करता कानावर पडलेलंही पुष्कळ पोचतं. आमच्या मंडळीतल्या एका ताईंचे यजमान चार वर्षं बाल्कनीत फोन घेऊन उभे राहायचे. एकदा वाचताना ताईंच्या हातून पान उलटायचं राहिलं, तर बाल्कनीतून आवाज आला, "मधला भाग गेला."

घड्याळाची वेळ धरू नका

आम्ही 'रात्री नऊ' ठरवलं आणि पंधरवड्यात फसलो. ह्यांची शिफ्ट बदलली, मुलीचा गृहपाठ राहिला, कुणाचा तरी फोन आला. नऊचे सव्वानऊ झाले की 'आज राहू दे'. मग लक्षात आलं की घड्याळाला बांधायचं नसतं, रोज होणाऱ्याच एखाद्या गोष्टीला बांधायचं असतं. आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे झोपण्याआधीचं दूध. दुधाचा ग्लास हातात आला की बसायचं, ग्लास रिकामा झाला की संपलं. काहींच्या घरी सकाळी शाळेचा डबा भरून झाल्यावर होतं. रिक्षा चालवणारे एक काका गाडी लावून आल्यावर हातपाय धुतले की बसतात, मग नऊ असोत की अकरा.

जेवणाआधी मात्र नको. भुकेलं मूल दृष्टान्तातली भाकर सोडून ताटातली बघतं.

जागा कुठलीही चालेल, पण तीच ठेवा. आम्ही पलंगावर बसतो. आणि दहा मिनिटं म्हणजे दहाच. मुलं रंगात आली की आपल्याला वाटतं, आज चाललंय तर चालू दे. चालू देऊ नका. 'पुढे काय झालं?' असं ती विचारत असतानाच पुस्तक मिटलं, तर उद्या बोलवावं लागत नाही.

सुरुवात कुठून करायची

उत्पत्ती या बायबलातल्या पहिल्या पुस्तकापासून सुरू करून क्रमानं जाणारे लोक तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, अडकतात. अर्पणांचे आणि कुष्ठाचे नियम सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवण्यात अर्थ नाही. मार्कापासून सुरू करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, ते सगळ्यांत लहान, १६ अध्यायांचं, आणि त्यात गोष्टी भराभर पुढे सरकतात. रोज दहा-अकरा ओव्या घेतल्या तर दोनेक महिन्यांत संपतं. ('ओव्या' हा शब्द आमच्या आजीचा, वचनांना ती ओव्याच म्हणायची. त्यात गंमत अशी की १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलातली कथा खरोखरच मराठी ओव्यांत सांगून छापली होती. आजीला ते ठाऊक असण्याची शक्यता नव्हती.)

मार्कानंतर रूथ घ्या, फक्त ४ अध्याय. मग उत्पत्तीतला योसेफ, मग दावीद. मुलं मोठी झाली की नीतिसूत्रे. त्याचे ३१ अध्याय आहेत, त्यामुळे तारखेप्रमाणे वाचता येतं.

अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवलं ती गोष्ट लहानांना सांगू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. कितीतरी संडे स्कूलांत ती पहिलीच्या वर्गाला चित्रं दाखवून सांगतात. सहा वर्षांचं मूल त्या गोष्टीत बापाच्या हातातली सुरी तेवढी बघतं. बारा-तेराव्या वर्षी सांगा, तेव्हा त्यावर भांडताही येतं.

भाषेचा प्रश्न निघणारच, विशेषतः मुलं इंग्रजी शाळेत असतील तर. जुन्या भाषांतरातलं 'आम्हांस', 'जेणेकरून', 'ममता' त्यांना अडतं. त्यासाठी सोपं भाषांतर मुलांच्या हातात द्या आणि जुनं तुम्ही वाचा. एकच वचन दोनदा ऐकू येतं आणि मुलं फरक पकडतात. आमचा धाकटा इंग्रजी शाळेत जातो. त्यानं मराठी वाचायला शाळेच्या पुस्तकापेक्षा मार्काच्या पाचव्या अध्यायावर जास्त शिकून घेतलं, कारण त्यात दोन हजार डुकरं समुद्रात पडतात.

वाचा थोडं, सांगा जास्त

मुख्य काम इथे आहे, आणि शिक्षक म्हणून मला सगळ्यांत जास्त सांगायचंय तेही हेच. परिच्छेद आधी स्वतः वाचून ठेवा, दुपारी किंवा बसमध्ये. रात्री पुस्तक मांडीवर उघडं ठेवा, पण गोष्ट मुलांच्या डोळ्यांत बघून सांगा. आणि सांगताना आपल्या घरातल्या, गावातल्या वस्तू तिच्यात शोधा. बायबल हे शेतकऱ्यांचं, मेंढपाळांचं, कोळ्यांचं पुस्तक आहे. लंडनच्या मुलापेक्षा नगर-बीडच्या मुलाला ते जवळचं असायला हवं.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसं एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. सिमेंटच्या स्लॅबखाली वाढलेल्या मुलांना हे पटत नाही. मी त्यांना माझ्या आजोळचं धाब्याचं घर सांगितलं: वर सपाट मातीचं छत, बाजूनं चढायला दगडी पायऱ्या, छतावर उन्हात वाळवणं. माती उकरली की खाली लाकडं. येशूच्या काळातली तिकडची घरं जवळजवळ अशीच होती. मग धाकट्याचा प्रश्न आला, जो प्रत्येक मूल विचारतंच: छत दुरुस्त कोणी केलं? मी म्हटलं, लिहिलेलं नाही. त्यानं ठरवून टाकलं की त्या चौघांनीच, बरा झालेला माणूस मातीच्या पाट्या उचलत होता. माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात त्या गोष्टीचं इतकं चांगलं स्पष्टीकरण मी केलेलं नाही.

लूकाच्या १९ व्या अध्यायातला जक्कय येशूला बघायला आपल्या भाषांतरात उंबरावर चढतो. मुलांना घेऊन एकदा खरंच उंबराखाली उभं राहा. फांदी कुठे पकडली असेल, किती उंच, खाली उंबरं सांडलेली, पाय घसरला असेल का. खमीर सांगायचं असेल त्या दिवशी इडलीचं पीठ भिजवा आणि झोपण्यापूर्वी पातेल्यावर खडूनं पिठाच्या उंचीची खूण करून ठेवा. सकाळी मूल दात घासण्याआधी पातेलं बघतं. हरवलेल्या नाण्याचा दृष्टान्त असेल तर दिवे घालवून पलंगाखाली रुपया टाका, हातात बॅटरी आणि केरसुणी द्या. आमच्याकडे रुपयाबरोबर कपाटामागे गेलेली दोन खोडरबरं आणि मोठीचं एक जुनं प्रगतिपुस्तकही सापडलं होतं.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना श्रोत्यांत बसवू नका, शिक्षकांत बसवा. प्रेषित पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिताना त्याच्या विश्वासाचं मूळ सांगितलं आहे ते त्याच्या आजीत आणि आईत, लोईस आणि युनीके. हे मला कळत होतं, पण वळलं रूथच्या दुसऱ्या अध्यायाला. सासूबाई त्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यामुळे आमच्याकडे होत्या आणि खुर्चीत मागे बसायच्या. मी वाचत होते: रूथ सातूच्या हंगामात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचायला जाते. मोठीनं विचारलं, "सरवा म्हणजे?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"सरवा म्हंजे मी वेचलाय तो."

मग त्यांनी सांगितलं. बाहत्तरच्या दुष्काळानंतर भुईमूग निघालेल्या रानात त्या आणि त्यांची आई खुरपं घेऊन मातीत राहिलेल्या शेंगा शोधायच्या. दिवसभरात ओटीभर. पाठीत वाकून वाकून रात्री झोप यायची नाही. "मालक हाकलायचा नाही?" मोठी. "मालक नाही, मुकादम. जाताना ओटी झाडून बघायचा." मी अध्याय पुढे वाचला, शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं खाली टाका, तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. सासूबाईंनी मला परत वाचायला लावलं. "मुद्दाम टाका म्हणाला?" हो, मुद्दाम. त्या काही बोलल्या नाहीत. मोठीच्या हातातलं दूध थंड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी लेवीयाचा १९ वा अध्याय उघडला, जिथे शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सरवा गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या असं सांगितलं आहे. लेवीय लहान मुलांना वाचू नका हे वर मीच लिहिलंय. आजी सोबत असेल तर वाचा.

तात्पर्य सांगू नका

शिक्षकांना ही सवय फार वाईट असते. गोष्ट संपली की 'मग यातून आपण काय शिकलो?' मूल लगेच शाळेचा चेहरा करतं आणि उत्तर देतं, 'खोटं बोलू नये.' गोष्ट कुठलीही असो, खोटं बोलू नये. त्यांना कळलेलं असतं की मोठ्यांना हेच हवंय.

त्याऐवजी असे प्रश्न विचारा ज्यांचं उत्तर तुम्हालाही आधीपासून माहीत नाही. लूकाच्या १५ व्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. पैसे उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो, थोरला रागावून बाहेर उभा राहतो, बाप त्याची समजूत घालायला येतो, आणि गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला का? येशूनं सांगितलेलं नाही. हे मुलांना विचारलं तर घरातल्या थोरल्या अपत्याचं आणि धाकट्याचं उत्तर कधीच सारखं येत नाही. आमची मोठी म्हणाली, "मी गेले नसते. आधी सॉरी म्हणू दे." धाकटा म्हणाला, "वास आला की जाईल." त्याच गोष्टीत उपाशी मुलगा डुकरांच्या शेंगांकडे बघतो. आमच्या मुलांनी भुईमुगाच्या शेंगा धरल्या होत्या आणि त्यांना तो प्रसंग मजेचा वाटत होता. त्या कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगा, चिंचेसारख्या लांबट, गुरांना घालायच्या. असे शब्द आधी बघून ठेवा.

प्रार्थनेत रागावू नका

ही चूक मी वर्षभर केली. "हे प्रभू, आज हिनं आजीला उलट उत्तर दिलं, हिला चांगली बुद्धी दे." मला वाटायचं मी प्रार्थना करतेय. प्रत्यक्षात मी देवाला साक्षीला बोलावून मुलीला झापत होते, आणि मध्ये बोलायची तिला सोय नव्हती, कारण डोळे मिटलेले. मग एका रात्री तिची पाळी आली. "हे प्रभू, मम्मी शाळेतून दमून येते आणि आमच्यावर ओरडते. तिला शाळेतल्या मुलांवर ओरडू दे. आमेन." ह्यांना हसू आवरेना.

त्यानंतर नियम केला: प्रार्थनेत फक्त स्वतःची चूक सांगायची. लहानांसाठी तीन भाग पुरेत. आज कशाबद्दल आभार, आज माझं काय चुकलं, कुणासाठी काय मागायचं. एकेक वाक्य. मोठ्यांनीही एकेकच. आईवडिलांनी आपली चूक मुलांसमोर कबूल करणं सुरुवातीला जड जातं, दुसऱ्या आठवड्यात थोडं कमी. मुलानं प्रार्थनेत कबूल केलेली चूक मात्र दुसऱ्या दिवशी भांडणात काढायची नाही, आणि मंडळीत कुणाला कौतुकानंही सांगायची नाही. एकदा बाहेर गेली की मूल परत खरं बोलत नाही.

शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. ती शिकवताना घाई नको. आठवडाभर एकाच ओळीवर राहा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही ओळ आमच्याकडे आवडती, कारण सासूबाईंच्या मते तिथे भाकरच लिहिली आहे, पोळी नाही.

पाठांतर फळ्यावर

सुवर्णवचन पाठ करून घेण्याची माझी शाळेतली युक्ती सांगते. एक लहान पाटी किंवा पांढरा फळा घ्या. सोमवारी पूर्ण वचन लिहा, सगळ्यांनी मोठ्यानं वाचा. मंगळवारी मुलाला कुठलेही दोन शब्द पुसू द्या आणि पुसलेल्या जागेसकट वाचा. बुधवारी आणखी दोन. शुक्रवारपर्यंत फळ्यावर एखादाच शब्द उरतो आणि वचन तोंडात असतं. पुसायचे शब्द मुलंच निवडतात, त्यामुळे पाठांतराची कटकट न वाटता खेळ वाटतो.

२३ व्या स्तोत्रापासून सुरुवात करा, ६ च वचनं आहेत. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' नऊ शब्द. धाकट्यानं 'उणे' वाचून विचारलं, "म्हणजे वजाबाकी नाही होणार?" मी काहीही दुरुस्त केलं नाही. त्याच स्तोत्रातली मेंढपाळाची 'आकडी' त्याला कळेना. दिवाळीनंतर आम्ही नगरहून येत होतो, हायवेच्या कडेनं धनगरांची मेंढरं कोकणाकडे निघाली होती. गाडी थांबवली. एका म्हाताऱ्या बाबांच्या खांद्यावर लांब काठी, टोकाला वाकडं पातं, आणि ते बाभळीची फांदी खाली ओढत होते. कोकरं खाली जमली होती. बाकी समजावून सांगायला काही उरलं नाही.

गाण्याबद्दल फार लिहीत नाही. पेटी येत नसेल तर टाळी वाजवा, टाळी येत नसेल तर नुसतं म्हणा. आपल्याकडे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीवरची गीतं आहेत, जी मुलांच्या तोंडात पटकन बसतात. मोबाइलवर हिंदी-इंग्रजी गाणी लावायला हरकत नाही, पण रोज लावलीत तर घरात गाणारं कुणी उरत नाही, ऐकणारेच उरतात.

एक वही ठेवा

दोनशे पानी साधी वही. डाव्या बाजूला तारीख आणि कुणासाठी काय मागितलं, उजवी बाजू रिकामी. नंतर काय झालं ते उजवीकडे. उजवीकडे 'नाही' लिहायलाही घाबरू नका. आमच्या वहीत मामांच्या नोकरीसमोर 'मिळाली, पण नाशिकला' आहे, मोठीच्या मैत्रिणीच्या कुत्र्यासमोर 'मेला' आहे.

आणि सासऱ्यांच्या नावासमोर तीन महिने रोज टिंबं आहेत, मग एक तारीख. त्यानंतर धाकट्यानं विचारलं, "आपण एवढं मागितलं तरी?" अशा वेळी पटकन 'देवाची इच्छा' म्हणून झाकण लावू नका. मी म्हटलं, मलाही कळत नाही. आम्ही १३ वं स्तोत्र वाचलं, जे 'कोठवर?' असं पुन्हा पुन्हा विचारतं, आणि योहानाच्या ११ व्या अध्यायातलं ते दोन शब्दांचं वचन: येशू रडला. त्या रात्री प्रार्थना कुणीच केली नाही.

वहीच्या मागच्या पानांवर घराची गोष्ट लिहून घ्या. आपल्या घरात पहिल्यांदा विश्वासात कोण आलं, कुठल्या गावात, घरचे काय म्हणाले, गाव सोडावं लागलं का. ती सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतात. तुम्हीच पहिल्या पिढीचे असाल तर तुमची गोष्ट लिहा, कडू भागासकट.

मोठी मुलं आणि शेजारपाजार

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला जबरदस्तीनं बसवलं तर तो बसतो आणि ऐकत नाही. मोठीला आम्ही आठवड्यातली एक रात्र देऊन टाकली आहे. ती निवडते, ती वाचते, प्रश्न तिचे. मागच्या महिन्यात तिनं एस्तेर घेतलं आणि जाहीर केलं की या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. आम्ही दोघं चकित. खरंच येत नाही.

शाळेतल्या मित्रांचे, सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे देव वेगळे आहेत. घरच्या उपासनेत त्यांच्याबद्दल तुच्छतेचा एक शब्दही येऊ देऊ नका. मूल तो दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन जातं. आपला विश्वास काय हे नीट सांगितलं की दुसऱ्याची टवाळी करायची गरज पडत नाही. शेजारच्या काकू दिवाळीला चकल्यांचं ताट पाठवतात, नाताळात आमच्या करंज्या तिकडे जातात, आणि ताट कधीच रिकामं परत करायचं नाही हे मुलांना कुठल्याही अध्यायाशिवाय कळलेलं आहे.

खंड पडतो, पडू दे

पडतोच. परीक्षा, लग्नसराई, आजारपण, कधी नुसताच कंटाळा. राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या मागे लागू नका, आणि मुलांसमोर अपराध्यासारखं बोलू नका. आमचा सगळ्यांत मोठा खंड पाच महिन्यांचा होता. मी पुन्हा सुरू करायची हिंमत गोळा करत होते तेव्हा धाकटाच दुधाचा ग्लास घेऊन पलंगावर जाऊन बसला.

पहिला आठवडा

सोमवारी फक्त मार्क ४, वादळाची गोष्ट. येशू उशी घेऊन झोपलेला आहे, ती उशी विसरू नका. मंगळवारी काही नको. बुधवारी जक्कय, जमलं तर शनिवारी उंबर. गुरुवारी २३ व्या स्तोत्राचं पहिलं वचन पाटीवर. शुक्रवारी हरवलेलं नाणं, दिवे घालवून. प्रार्थना बसाल त्या प्रत्येक दिवशी, एकेक वाक्य.

रविवारी घरी उपासना नाही. मंडळीतून परत येताना रिक्षात मुलांना एवढंच विचारा की आजच्या संदेशात तुम्हाला काय पटलं नाही. रिक्षावाले काका ओळखीचे असतील तर आवाज जरा हळू ठेवा, आमचे एकदा मागे वळून म्हणाले होते, "मलाही तेच पटलं नाही."